खातरजमाकाकांची गळकी गार हवा

कुठेही बाहेर जायचं असलं की खातरजमाकाका दाराला कुलूप लावायचे, ओढून बघायचे, पायऱ्या उतरायचे, फाटकापर्यंत जायचे आणि परत येऊन कुलूप पुन्हा ओढून बघायचे. कुलूप लागलेलंच असायचं. मग फाटकाशी उभ्या असलेल्या काकूंकडे संशयाने बघत ते विचारायचे, "मघाशी पहिल्यांदा ओढलं तेव्हा तू बघितलंस ना?" काकू "हो" म्हणायच्या. त्या "हो"वरही काकांचा पुरता विश्वास बसायचा नाही, पण उन्हात बायकोला किती वेळ उभी करणार, म्हणून ते निघायचे.

हे टोपणनाव त्यांना गल्लीने दिलं होतं. काका काचवाले. रस्त्याच्या वळणावर त्यांचं अरुंद, लांबोडकं दुकान होतं. भिंतीला टेकून काचांचे मोठमोठे ताव उभे असत आणि मधोमध जुनं ब्लँकेट अंथरलेलं मोठं टेबल. त्या टेबलावर पस्तीस वर्षांत काकांनी एकही काच चुकीच्या मापाची कापली नाही. गिऱ्हाइकाने कागदावर लिहून आणलेलं माप ते घडी घालून खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "हे झालं तुमचं. आता मी येऊन खरं घेतो."

याला कारण होतं. एकोणीस वर्षांचे असताना ते दुसऱ्याच्या दुकानात कामाला होते. एका शिंप्याने भिंतभर आरशाचं माप लिहून दिलं. काकांनी भाबडेपणाने तसाच आरसा कापला आणि तो दोन बोटं तोकडा निघाला. शिंप्याने सगळ्यांसमोर शपथ घेऊन सांगितलं की मी बरोबर माप दिलं होतं, या पोरानेच चूक केली. मापाचा कागद तोवर केरात गेला होता आणि काकांची नोकरीही त्याच वाटेने गेली. दुधाने तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमचे काका त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागले.

काचेच्या धंद्यात हा स्वभाव लाखमोलाचा. पण काकांनी काच मोजायची नजर सगळ्या जगावर लावली, तिथे पंचाईत झाली. डॉक्टरने गोळी दिली तर ती दुसऱ्या डॉक्टरला दाखवायची. शेजारी हसून बोलला तर हा आज का हसला म्हणून दिवसभर विचार करायचा. मनात पाल चुकचुकते असं आपण म्हणतो. काकांच्या मनात पालींनी घरच केलं होतं.

काकूंचं मात्र या माणसाशी जमलं. मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला त्याच जायच्या. काकांची अठरा वर्षांची जुनी पिकअप गाडी, मागे काचा ठेवायला लाकडी घोडा आणि शेजारच्या सीटवर काकू. पण सहा वर्षांपूर्वी काकूंना मज्जातंतूंचा आजार जडला. त्याची खोड अशी की अंगाला उष्णता लागली की पायांतलं बळ जातं. गारव्यात त्या आपल्या पायांनी जिना चढायच्या आणि उन्हात तासभर बसल्या की उचलून आणावं लागायचं. तसं एकदा आणावं लागलंही होतं. तेव्हापासून गाडीतला एसी म्हणजे काकूंचे पायच होते.

आणि नेमका तोच बंद पडला. उन्हाळा तोंडावर होता. मुलगी आठ तासांच्या अंतरावर, दिवस भरत आलेले. आधी दोनदा आशा लागून मोडली होती, म्हणून काकूंनी तिला शब्द दिला होता, "या खेपेला तुझा हात माझ्या हातात असेल." तारखेला आठ दिवस उरले होते. काकूंची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती आणि गाडीतून भट्टीसारखी हवा येत होती.

त्याआधी महिनाभरात तीन ठिकाणी गॅस भरून झाला होता. प्रत्येक वेळी आठवडाभर गारवा टिकायचा आणि मग पुन्हा पंख्यातून गरम फुंकर. काकांच्या मते गॅस आपोआप जात नव्हता. भरणारेच कुणीतरी नंतर येऊन काढून घेत होते. तिसऱ्या वेळी त्यांनी गॅस भरायच्या तोंडाच्या टोपणावर पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर बारीक सही केली. आठ दिवसांनी गॅस गेला, पण पट्टी आणि सही जशीच्या तशी.

"म्हणजे सील न तोडता काढतात," काका म्हणाले. "चांगलाच तरबेज चोर आहे."

"नाहीतर चोर नसेलच," काकू म्हणाल्या.

चौथं ठिकाण होतं टायरवाल्याच्या मागची पत्र्याची शेड. बाहेर पाटी, 'फक्त एसी'. आत पंचेचाळिशीची एक बाई, चष्मा कपाळावर चढवलेला, मनगटापर्यंत काळे हात. आधी ती बर्फाच्या कारखान्यात यंत्रांवर होती. तिने पिकअपचं बॉनेट उघडलं, दोन मिनिटं कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "गॅस भरणार नाही मी."

काका चमकले. आजवर सगळ्यांनी गॅस भरायची घाई केली होती. "का?"

"भोक पडलेल्या बादलीत पाणी कशाला ओतायचं, काका? आधी भोक शोधू. गाडी ठेवून जा."

बोलणं अगदी पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच काकांना ते पटेना. इतकं सरळ कोण बोलतं? "मी थांबतो," ते म्हणाले.

"दोन-तीन दिवस लागतील."

"मला काही काम नाही." हे खोटं होतं. एका शाळेच्या खिडक्या दुकानात खोळंबल्या होत्या.

बाईने एक स्टूल पायाने सरकवलं. "मग पंख्याखाली बसा. उन्हात कशाला?"

काका बसले आणि मनाशी म्हणाले, खरी मेकॅनिक असती तर वैतागली असती. ही वैतागली कशी नाही? त्यांनी खिशातून फोन काढून बंद केला. परक्या ठिकाणी ते फोन नेहमी बंदच ठेवायचे. घरून फोन आला, आपण बोललो, तर ऐकणाऱ्याला कळतं की घरी बाई एकटी आहे. मग काय, चोराला आमंत्रणच. काकूंनी यावर कितीदा कपाळाला हात लावला असेल, पण काका ऐकणारे नव्हते.

पहिल्या दिवशी बाईने सगळ्या नळ्यांत नायट्रोजन दाबून भरला आणि घड्याळासारखा गेज लावला. "काटा खाली आला तर गळती आहे," असं सांगून ती दुसऱ्या गाडीकडे गेली. काका काट्यासमोर डोळ्यात तेल घालून बसले. तिच्या वहीवर विश्वास नको म्हणून स्वतःच्या कागदावर दर अर्ध्या तासाने आकडा लिहीत गेले. संध्याकाळी दोघांचे आकडे ताडून पाहिले. तंतोतंत जुळत होते. काटा केसभर, पण खाली आला होता.

"तुमच्यासारखा माणूस कामाला मिळाला असता तर सोनं झालं असतं," बाई म्हणाली.

घरी जाताना रिक्षात काका याचाच विचार करत होते. ही आपली स्तुती का करते?

"कशी आहे बाई?" काकूंनी विचारलं.

"हुशार आहे."

"मग बरंच आहे की."

"तीच तर भीती आहे."

काकूंनी सुस्कारा सोडला. "लेकीचा फोन आला होता. पाय सुजलेत तिचे. जावई म्हणतात, गाडी पाठवतो. एसी चांगला आहे. त्यांच्या ऑफिसातल्या माणसाची आहे."

"ऑफिसातला म्हणजे कोण? गाडी कोण चालवणार? किती वर्षं चालवतो? रात्री झोप झालेली असते का त्याची? मी आधी चौकशी करतो."

"अहो, तुमची चौकशी होईपर्यंत बाळ शाळेत जाईल!"

काका हसले नाहीत. परक्या माणसाच्या हाती काकूंना द्यायचं, आणि वाटेत एसी बंद पडला तर? तो उतरवून घेईल तिला? उचलेल? खरं सांगायचं तर हा संशय नव्हता, काळीज होतं. पण आयुष्यभर एकच चष्मा वापरला की माणसाला प्रेमसुद्धा त्याच चष्म्यातून करता येतं.

दुसऱ्या दिवशी बाईने साबणाचा फेस केला आणि ब्रशने एकेक सांधा माखायला घेतला. जिथून हवा निघते तिथे फेसाला फुगा येतो. कॉम्प्रेसर झाला, रबरी नळ्या झाल्या. कुठेच काही नाही. काका मागून वाकून बघत होते. मध्येच बाई थांबली.

"काका, या गाडीवर जिथे तिथे हे काय कोरलंय? चौकोन आणि आत फुली. इथे आहे, या बोल्टवर आहे, बॅटरीवर आहे."

काकांनी ताकास तूर लागू दिली नाही. "कंपनीचं असेल."

कंपनीचं कुठलं! गेल्या हिवाळ्यात एका गॅरेजवाल्याने त्यांची नवी बॅटरी काढून जुनी बसवली होती. खरंच बसवली होती की काकांना तसं वाटलं, देव जाणे. पण त्यांनी कानाला खडा लावला. एका रविवारी काच कापायची हिरकणी घेतली, काकूंच्या हाती टॉर्च दिला आणि गाडीच्या बावन्न भागांवर आपली खूण कोरली. भाग बदलला तर खूण जाईल आणि चोरी उघडी पडेल. काही खुणा वरून दिसणाऱ्या, काही मुद्दाम खालच्या अंगाला, कुणाच्या बापाला सापडू नयेत अशा. पहिली रेघ नीट उमटली नाही तर तिच्यावर दुसरी, जोर देऊन. "बास की आता," असं काकू तेव्हा चारदा म्हणाल्या होत्या.

दुपारी बाईने पुढची जाळी काढली. दिव्याच्या मागून ॲल्युमिनियमचा बोटाएवढा पाइप वळून जात होता. वरच्या अंगाला फेस शांत होता. तिने लांब दांडीचा छोटा आरसा पाइपाखाली धरला, टॉर्च मारला आणि म्हणाली, "सापडला."

काकांनी आरशात पाहिलं. पाइपाच्या पोटाशी चौकोन होता, आत फुली होती आणि फुलीच्या एका रेघेवर फेसाचा फुगा सावकाश मोठा होत होता. तो फुटला. मग दुसरा आला.

काकांच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? हेच की या बाईने आत्ता, आपली नजर चुकवून, खुणेवर भोक पाडलं. त्यांनी आरसा तिच्या हातातून घेतला आणि निरखून पाहिलं. चिरेच्या भोवती तेलकट डाग होता आणि त्या डागावर धूळ बसून बसून काळा थर झाला होता. तो थर दोन दिवसांचा नव्हता, कित्येक महिन्यांचा होता. आणि चीर इकडे तिकडे कुठेही न जाता रेघेवरून सरळ गेली होती.

जगातल्या दुसऱ्या कुणाला हे समजायला वेळ लागला असता, काकांना लागला नाही. पस्तीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं? हिरकणीची एक रेघ मारायची, खालून हलकेच टिचकी द्यायची, की काच बरोबर रेघेवर सुटते. इथे रेघ त्यांनी मारली होती आणि टिचक्या रस्त्यातल्या खड्ड्यांनी दिल्या होत्या.

बाईने चष्मा खाली घेतला आणि पाइप पुन्हा पाहिला. तिचा चेहरा गंभीर झाला. "काका, हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी मुद्दाम कोरलंय, तेही लपवून, खालच्या बाजूने. तुमच्यावर डूख धरून आहे का कोणी? वैर आहे कुणाशी?"

काय संधी होती! तीन गॅसवाले होते, बॅटरीवाला होता. एक नाव घेतलं असतं की झालं. काकांचं तोंड उघडलंही.

"आहे एक," ते म्हणाले. "घरातलाच आहे."

बाईला आधी कळलं नाही. मग तिचं लक्ष काकांच्या शर्टाच्या खिशाकडे गेलं. हिरकणीची पितळी मूठ नेहमीसारखी वर डोकावत होती. ती हसली असती तर बरं झालं असतं, काकांना तिच्यावर रागावता आलं असतं. पण ती फक्त म्हणाली, "पाइप नवीन मिळणार नाही, गाडी जुनी आहे. हा तुकडा कापून वेल्डरकडून जोडून घेते. उद्या दुपारपर्यंत देते." आणि आरसा पुसून जागेवर ठेवला. काकांना आपण शिंप्याच्या दुकानात उभे आहोत असं वाटलं. फरक इतकाच की या खेपेला चूक खरोखर त्यांचीच होती.

घरी काकूंनी विचारलं, "सापडलं?"

"पाइप गळत होता."

"कशाने?"

"जुना झाला होता."

पस्तीस वर्षांच्या संसारात काकांनी काकूंवर संशय घेतला असेल, पण त्यांना खोटं कधी सांगितलं नव्हतं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. काका जगाकडे बघायचे ना, अगदी तसं पाहिलं.

"परवा सकाळी निघू," काका घाईने म्हणाले. "उद्या गाडी मिळते."

"नक्की?"

"नक्की."

"नक्की ना?" काकूंनी दुसऱ्यांदा विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये जाऊन बसायची काकांना काहीच गरज नव्हती. बाईवर आता त्यांचा संशय राहिला नव्हता. पण घरी बसलं तर काकूंशी बोलावं लागेल, म्हणून ते साडेआठलाच स्टुलावर जाऊन बसले. फोन सवयीने बंद केला. वेल्डरला यायला उशीर झाला. जोड गार व्हायला वेळ गेला. पुन्हा नायट्रोजन, पुन्हा गेज. काटा दोन तास जागचा हलला नाही. मग बाईने गॅस भरला, इंजिन सुरू केलं आणि काकांना आत बसवलं. जाळीतून आलेल्या हवेने त्यांच्या हातावरचे केस उभे राहिले.

"बाई," काका म्हणाले, "मी तुमच्यावर तीन दिवस पहारा केला."

"माहीत आहे की."

"मी... मला चोर वाटला होता तुमच्यात."

"तेही माहीत आहे," बाई हात पुसत म्हणाली. "जा आता, काकू वाट बघत असतील."

काका निघाले. वाटेत एका सिग्नलला त्यांनी हात लांब करून हवेच्या जाळ्या शेजारच्या सीटकडे वळवल्या. पाठीशी उशी लागेल, पायांशी ओला टॉवेल, दर दोन तासांनी थांबायचं, असा बेत त्यांच्या मनात तयार झाला. पाइप कुणी फोडला हे काकूंना वाटेत सांगून टाकायचं, अर्धा रस्ता झाल्यावर, म्हणजे त्यांना परत फिरता येणार नाही, हेही ठरलं. ते स्वतःशीच हसले.

संध्याकाळी सात वाजता घरी पोचले तर दाराला कुलूप होतं आणि दाराशी बॅग नव्हती.

शेजारीणबाई किल्ली घेऊन बाहेर आल्या. "अहो, होतात कुठे? सकाळी तुम्ही गेलात आणि लगेच लेकीचा फोन आला. कळा सुरू झाल्या. तुम्हाला वीस-पंचवीस फोन केले असतील काकूंनी. नऊ वाजता जावयांनी पाठवलेली गाडी आली. म्हणजे रात्रीच निघाली असणार. काकूंनीच काल बोलावून घेतली होती म्हणे."

काकांनी किल्ली घेतली, पण कुलूप उघडलं नाही. ते पायरीवर बसले आणि फोन सुरू केला. न घेतलेल्या फोनांचे निरोप एकामागून एक येत राहिले. ते थांबेपर्यंत काका नुसते बघत बसले. मग त्यांनी काकूंना फोन लावला.

"पोचले मी," काकू म्हणाल्या. आवाज दमलेला होता, पण त्यात काहीतरी फुललं होतं. "मुलगी झाली, आत्ता दहा मिनिटांपूर्वी. दोघी छान आहेत. मी हात धरून होते तिचा."

पलीकडून बारीक, चिडकं रडणं ऐकू आलं.

"पाय?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"आहेत जागेवर. गाडी गार होती. ड्रायव्हर भला माणूस होता. दर दोन तासांनी थांबत होता." मग त्यांनीच विचारलं, "तुमची झाली का गार?"

"झाली. पाइप जुना झाला नव्हता. मीच रेघ मारली होती त्याच्यावर, हिरकणीने."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "काल तुमच्या तोंडावरच दिसलं. म्हणून तर जावयांना फोन केला. अहो, चिडू नका, पण आयुष्यात पहिल्यांदा मी तुमच्यावर विसंबून राहिले नाही, म्हणून वेळेत पोचले."

काकांनी समोर उभ्या गाडीकडे पाहिलं. इंजिन चालूच राहिलं होतं. हवेच्या जाळ्या रिकाम्या सीटकडे वळलेल्या होत्या. कोण तो ड्रायव्हर, कुठला, त्याची झोप झाली होती का, यातलं एकही अक्षर त्यांच्या तोंडून निघालं नाही.

"बरं केलंस," ते म्हणाले. "माझं चुकलं."

मग काकूंनी सावधपणे विचारलं, "कोण बोलतंय?"